एका सुईत दोन रोगांचे निवारण



'श्वसनाचे साथरोग आणि संयुक्त लस' हा विषय मंडळाने मजकडे सोपविला आहे. मी वैद्य नव्हे, निवृत्त शिक्षक आहे. म्हणून साध्या भाषेतच बोलेन.

आपले उरण मुंबईच्या समोर वसलेले. मोऱ्याची लाँच होतीच. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतूही खुला झाला. मुंबईहून जसा माल येतो, तशी साथही येते. १९१८ च्या जूनमध्ये इन्फ्लुएंझा मुंबईच्या गोदीतूनच शिरला होता, आणि २०२२ साली त्याच शहरात गोवराने बालके दगावली.

गोवर म्हणजे देवीचा फेरा, आपोआप जाणारा, ही समजूत घातक आहे. त्याचा विषाणू श्वासावाटे पसरतो आणि रोगी उठून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. लस न घेतलेल्या समुदायात एक रोगी बारा ते अठरा जणांस बाधा करतो. आपल्या हळदीच्या मांडवातील गर्दी आठवा, म्हणजे हिशेब उमजेल. रुबेला त्याहून सौम्य. परंतु गर्भवतीस आरंभीच्या महिन्यांत झाल्यास मूल बहिरे, मोतीबिंदूचे किंवा हृदयदोषाचे जन्मू शकते.

या दोहोंवर मिळून एकच लस आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये ती तयार होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात नऊ महिने ते पंधरा वर्षांखालील मुलांना ती देण्याची मोहीम निघाली.

दोन लशी एका बाटलीत ओतल्या की संयुक्त लस होते, असे मात्र नाही. एक घटक दुसऱ्याचा प्रभाव कमी करू शकतो. शिवाय गोवराचा विषाणू लशीला चकवील इतका पालटत नाही. इन्फ्लुएंझाचा सतत पालटतो. २०२४ साली करोना व इन्फ्लुएंझा यांवरील फायझर-बायोएनटेकची संयुक्त लस चाचणीत 'बी' प्रकारच्या इन्फ्लुएंझापुढे उणी पडली; त्याच वर्षी मॉडर्नाच्या लशीने पन्नाशीवरील व्यक्तींमध्ये चांगला प्रतिसाद दाखविला. शास्त्रज्ञांची ही खटपट कशासाठी? टोचण्या कमी व्हाव्यात आणि कष्टकरी मातेचा रोज वारंवार बुडू नये, यासाठी.

परंतु सुई एक असली तरी मात्रा दोन आहेत : पहिली नऊ ते बारा महिन्यांत, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत. पहिलीनंतर मुलाला ताप आला की दुसरी टाळली जाते. वस्तुतः पहिल्या मात्रेने काही मुलांत प्रतिकारशक्ती निर्माण होत नाही. म्हणूनच दुसरी हवी. शंभरांत पंचाण्णव मुलांना दोन्ही मात्रा मिळाल्या, तरच लस घेण्याच्या वयाची नसलेली तान्ही बाळे सुरक्षित राहतात.

म्हणून मंडळास माझी एक विनंती आहे. विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका आपण पारितोषिकांसाठी मागवितोच. तशीच प्रत्येक पाड्यावर दोन वर्षांपर्यंतच्या मुलांची लसीकरण-पत्रिका तपासावी व राहिलेल्यांस आरोग्य केंद्रात न्यावे. ज्ञातीची उन्नती पाळण्यापासूनच सुरू होते.