मूत्राशयाची निगा व आपली लाज
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



ज्या विषयाचा उच्चार चारचौघांत होत नाही, तोच आज आम्ही आपणांपुढे मांडीत आहोत. झाडावरून पडून, वाहनाच्या अपघातात अथवा जन्मतःच कण्यात वैगुण्य असल्यामुळे ज्यांच्या मज्जारज्जूला इजा पोहोचते, त्यांचे लुळे पाय सर्वांस दिसतात. मूत्राशयावरील ताबाही गेलेला असतो, हे मात्र घरच्यांवाचून कोणास कळत नाही. मूत्राशय भरल्याची जाणीव होत नाही, ते पुरते रिते होत नाही, आणि साचलेल्या मूत्राचा दाब मूत्रपिंडांवर पडतो. पूर्वी असे पुष्कळ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊनच दगावत.

१९७२ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे डॉ. जॅक लॅपिडिस यांनी प्रतिपादन केले की, नळी निर्जंतुकच हवी असे नाही. ती स्वच्छ असावी आणि मूत्राशय वेळेवर रिते व्हावे, हे अधिक महत्त्वाचे. या विचाराने हा उपचार रुग्णालयातून घरात आणला.

रीत साधी आहे. हात साबणाने धुवावेत, जागा स्वच्छ करावी, नळीस वंगण लावून ती मूत्रमार्गात हळुवार सारावी व धार थांबेपर्यंत धरावी. स्त्रियांना प्रारंभी आरशाचे साह्य होते. साधारणतः दर चार ते सहा तासांनी हे करावे. एका वेळी ५०० मिलिलिटरहून अधिक मूत्र साचू देऊ नये. पहिला पाठ डॉक्टर वा परिचारिकेकडूनच घ्यावा; नळी धुऊन पुन्हा वापरावी की नाही, हेही त्यांनाच विचारावे. नळी अडल्यास बळ लावू नये. ताप, हुडहुडी वा मूत्रात रक्त दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. अशा दिवसांत, लग्नकार्यास जावयाचे म्हणून सकाळपासून पाण्याचा घोटही न घेणारे बांधव आपल्यांत आहेत. त्यामुळे मूतखडा व जंतुसंसर्ग यांना आमंत्रणच मिळते. आजाराहून लाजच त्यांचा घात अधिक करते, आणि त्या लाजेचे धनी आपण सारे आहोत.

आपल्याच जिल्ह्यातील वरोऱ्याच्या आनंदवनाचे बाबा आमटे यांना मणक्यांच्या विकाराने बसता येत नसे. त्यांचा विकार निराळा. तथापि १९८५ साली ते भारत जोडो यात्रेस निघाले, ते वाहनात निजून. शय्येची सोय झाली म्हणून तो प्रवास घडला.

अशीच एक सोय आम्ही मंडळापाशी मागतो. आपल्या सभागृहात चाकाची खुर्ची जाईल एवढ्या रुंद दाराचे, पायरी नसलेले एक शौचगृह बांधावे. त्यास आतून कडी, पाण्याचा नळ, साबण, आरसा आणि सामान ठेवण्यास फळी असावी. शाली-श्रीफळांत थोडी काटकसर केली, तर हा खर्च मंडळास जड नाही. ते होईल त्या वर्षी आज घरी बसलेली काही मंडळी पाणी पिऊन, निर्धास्तपणे, या मेळाव्यास येतील.