एका अक्षराचे श्रमदान



संपत्ती सामाईक झाली, तरी तिची निगा कोणी राखावयाची, हा समाजवादी विचारापुढील जुना प्रश्न आहे. संगणकाच्या क्षेत्रात तो एका अगदी लहान कामाच्या निमित्ताने उभा राहिला. ते काम म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकांतील शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करणे.

१९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा आरंभ केला. अशा सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर कोणासही वाचता, बदलता व वाटता येतो. खाजगी मालकीच्या पुस्तिकेत चूक आढळली, तर ग्राहकाने तक्रार करून वाट पाहावयाची. येथे वाचणाराच दुरुस्ती करून पाठवू शकतो. त्यासाठी प्रोग्रॅम लिहिता येण्याची गरज नाही. लक्षपूर्वक वाचता आले पाहिजे.

हे काम क्षुल्लक नव्हे. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील देवाणघेवाणीचे नियम सांगणारा आरएफसी १९४५ हा दस्तऐवज मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ‘रेफरर’ या इंग्रजी शब्दातील एक ‘आर’ गळालेला आहे. जगभरचे प्रोग्रॅम त्या चुकलेल्या शब्दावरच उभे राहिले. आता तो सुधारावयाचा, तर चालू व्यवहार मोडेल. वेळीच न सुधारलेली चूक अशी नियम होऊन बसते. लिनक्सच्या मूळ मजकुरासोबत नेहमी चुकणाऱ्या शब्दांची यादी ठेवलेली असते आणि नवे बदल तिच्याशी ताडून पाहिले जातात, ते उगीच नव्हे.

परंतु याच कामाची विटंबनाही झाली. ऑक्टोबर २०२० मध्ये डिजिटलओशन या कंपनीच्या हॅक्टोबरफेस्ट उपक्रमात चार बदल पाठविणाऱ्यास टी-शर्ट देऊ केला होता. परिणामी चूक नसलेल्या ठिकाणीही बदल सुचविले गेले. माहितीच्या पानावर एखादे स्तुतीचे विशेषण चिकटवून बदलांची संख्या भरली गेली. आलेला प्रत्येक बदल कोणीतरी वाचून स्वीकारावा वा नाकारावा लागतो. तो भार प्रकल्प सांभाळणाऱ्यांवर पडला, आणि त्यांतील अनेकजण विनावेतन राबणारे होते. अखेर कंपनीस नियम बदलावा लागला: जे प्रकल्प स्वेच्छेने सहभागी होतील, तेथील बदलच धरले जातील.

नवशिक्यांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. दोष मोजमापाचा होता. बक्षीस कामाला नव्हते, नगाला होते. नगावर मोबदला ठरला की नग वाढतात आणि काम बिघडते, हे कामगार चळवळीला नव्याने सांगावयास नको.

म्हणून दोन गोष्टी आवश्यक आहेत. दुरुस्ती करणाऱ्याने संपूर्ण प्रकरण वाचावे, त्या प्रकल्पाचे नियम पाहावेत, ब्रिटिश आणि अमेरिकन लेखनातील भेदाला चूक समजू नये, आणि सापडलेल्या चुका एकत्रच पाठवाव्यात. आणि या सामाईक संपत्तीवर नफा मिळविणाऱ्या कंपन्यांनी टी-शर्ट वाटण्यापेक्षा ती सांभाळणाऱ्यांच्या श्रमाचे मोल द्यावे. केवळ श्रमदानावर कंपन्यांचा नफा पोसला जाणे, हा समाजवाद नव्हे.

गावाची विहीर सर्वांची असते. पण गाळ उपसण्याच्या दिवशी किती हात पुढे येतात, यावरच तिचे पाणी टिकते.