शुक्राची चांदणी आणि जवानांची वही



मिरजोळ्याला विमानतळ जवळ असल्याने आकाशातला दिवा म्हणजे विमान, अशी आपली समजूत चटकन होते. तो दिवा जागचा हलेना, की तर्कांना ऊत येतो. कोणी हेरगिरीचे यंत्र म्हणतो, कोणी उडती तबकडी, तर कोणी देवचाराचे नाव घेतो. अशाच दिव्यांची लडाखमधील एक खरी हकिगत आज आम्ही सांगणार आहोत.

ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात पँगाँग सरोवराजवळच्या ठाकुंग भागात आपल्या जवानांनी आकाशात तेजस्वी वस्तू दिसल्याच्या ३२९ नोंदी केल्या. त्यांपैकी १५५ वेळा त्या आपल्या हद्दीत शिरल्या, असे त्यांना वाटले. समोर चीनची सीमा, तेव्हा टेहळणीच्या मानवरहित विमानांचा संशय येणे साहजिकच होते. अखेर प्रकरण बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे गेले. भोवतालच्या ताऱ्यांच्या संदर्भात त्या वस्तू कशा सरकतात, हे तपासून शास्त्रज्ञांनी निर्णय दिला की, एक गुरू आहे आणि दुसरा शुक्र. त्या हिवाळ्यात गुरू रोहिणी नक्षत्राजवळ रात्री तळपत होता आणि शुक्र पहाटे उगवत होता.

यावर पुष्कळांनी हसून घेतले. आम्हाला ते रुचले नाही. चार हजार मीटरहून अधिक उंचीवर, कडाक्याच्या थंडीत पहारा देणाऱ्यांनी निदान वही तर ठेवली! आम्ही बँकेतली माणसे. नोंद चुकीच्या खात्यात पडली तर दुरुस्त करता येते. नोंदच नसेल तर दुरुस्त काय करणार?

फसगत होण्याची कारणे साधी आहेत. सूर्य-चंद्राखालोखाल शुक्रच तेजस्वी. तो क्षितिजाजवळ असताना त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो, म्हणून तो लुकलुकतो, रंगही पालटतो. ढग पळतात आणि चांदणीच पळाल्यासारखी वाटते. काळोखात एकाच ठिपक्याकडे टक लावली, तर स्थिर ठिपकाही हलू लागतो. पहाटेचा शुक्र पाहून कामाला लागणारी आपली वडीलधारी माणसे त्याला ओळखत. घरात घड्याळ आले, रस्त्यावर दिवे आले, आणि ती ओळख सुटली.

विद्यार्थ्यांनी पडवीच्या एकाच खांबाशी उभे राहावे, दिवा कोणत्या माडाच्या शेंड्याशी आहे ते वेळेसह लिहावे आणि तासाभराने पुन्हा पाहावे. ग्रह असेल तर तो शेजारच्या ताऱ्यांबरोबर सुमारे १५ अंश पश्चिमेकडे गेलेला दिसेल. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण १० अंश. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तो जवळपास त्याच जागी असेल.

मात्र सगळेच 'शुक्र आहे' म्हणून सोडून देऊ नये. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या रात्री, विदर्भात आकाशातून जळते तुकडे जाताना अनेकांनी पाहिले. लोकांना ती उल्का वाटली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात धातूचे भले मोठे कडे पडले. ते चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचे तज्ज्ञांनी सांगितले. तो देखावा थोड्याच वेळात संपला. ग्रह तासन्‌तास दिसत राहतो.

आणखी एक खूण. शुक्र सूर्यापासून सुमारे ४७ अंशांपलीकडे जात नाही. तो संध्याकाळी पश्चिमेला दिसेल, नाहीतर पहाटे पूर्वेला. मध्यरात्री डोक्यावर शुक्र पाहिला, असे कोणी छातीठोकपणे सांगू लागला, तर त्याची वही मागावी. बहुधा तो गुरू निघेल.