देवाचा इशारा कशासाठी?

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



अनुवादाचा 28 वा अध्याय वाचताना आपण भितो. पहिल्या 14 वचनांत आशीर्वाद आहेत. पण 15 पासून 68 पर्यंत आज्ञाभंगाचे परिणाम! पेरलेले टोळ खातील, द्राक्षमळ्याला कीड लागेल, मुले परदेशी बंदीत जातील. "देव इतका कठोर का हो, बाई?" असे एका बहिणीने मला विचारले. तिचे तान्हे मूल गेले, तेव्हा शेजारणीने "हे पापाचे फळ" असे तिला ऐकवले होते.

भगिनींनो, हे शब्द मोशेने केव्हा सांगितले? इस्राएल लोक यार्देनेपलीकडे जाण्याआधी. शत्रू आधी सांगून घाव घालीत नाही. विहिरीकडे धावणाऱ्या मुलाला ओरडते ती आईच ना? त्या ओरडण्यात राग दिसतो, पण आत जीव तुटत असतो.

शास्त्रात असा इशारा ऐकणारे दोन राजे आहेत. निनवेला 40 दिवसांची मुदत मिळाली. तिथला राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसला, लोकांनी कुमार्ग सोडला आणि नगर वाचले. योनाला मात्र त्याचाच राग आला! यहूदाचा राजा यहोयाकीम शेगडीपाशी बसला होता. यिर्मयाचा संदेश लिहिलेली गुंडाळी वाचली जात असता तो ती चाकूने कापून विस्तवात टाकीत गेला. बारूखाने ती पुन्हा लिहिली. कागद जळाला, पण सत्य जळले नाही. इ. स. पू. 586 च्या सुमारास यरुशलेम पडले आणि लोक बाबेलला बंदीत गेले.

मग प्रत्येक दुःख ही शिक्षाच काय? नव्हे. ईयोबाच्या मित्रांनी तसे म्हटले, आणि देवाने त्यांनाच दोष दिला. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी विचारले, "पाप कोणाचे, याचे की आईबापांचे?" प्रभूने सांगितले, दोघांचेही नाही.

तेव्हा देवाचा इशारा आपापल्या घरात, आपल्याच मनाला वाचून दाखवावा. शेजारणीच्या दारात जाऊन नव्हे. जिचे मूल गेले तिच्याकडे वचन घेऊन जाण्याआधी पेजेचे भांडे घेऊन जावे, आणि घटकाभर तिच्याजवळ मुकाट्याने बसावे. ईयोबाचे मित्रही पहिले सात दिवस तसेच बसले होते. ते बोलू लागले, तिथेच चुकले.