शाळेच्या शिवारातील प्रेक्षणीय स्थळे
(शिक्षक संमेलनातील भाषण)



नोकरीच्या निमित्ताने चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत पुष्कळ हिंडणे झाले. कोणत्याही गावी गेलो की मी एक प्रश्न आवर्जून विचारतो, ‘‘गुरुजी, आपल्या गावात पाहण्यासारखे काय आहे?’’ बहुतेक ठिकाणी उत्तर मिळते, ‘‘साहेब, इकडे काय असणार? नुसते जंगल!’’ पुढे हेच उत्तर वर्गातील मुलेही देतात, कारण त्यांनी ते आपल्याच तोंडून ऐकलेले असते. हे उत्तर एके काळी मीही देत असे. त्याची काय किंमत पडली, ते आज प्रथम सांगतो.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी वरोरा तालुक्यातील एका शाळेत शिकवीत होतो. वेरूळच्या सहलीची तयारी चालली होती आणि मी वर्गणीचे पैसे मोजीत बसलो होतो. तेवढ्यात शेळ्या राखून उशिरा शाळेत येणारा एक मुलगा सदऱ्याच्या ओच्यात चारपाच तपकिरी, गोलसर दगड घेऊन समोर उभा राहिला. ‘‘गुरुजी, पिसदुऱ्याच्या शिवारात सापडले. हे काय असते?’’ मी मान वर न करताच म्हणालो, ‘‘तो कचरा बाहेर टाकून ये.’’ त्याने आज्ञा पाळली. त्यानंतर त्या मुलाने मला कधी काही आणून दाखविले नाही. वेरूळच्या सहलीलाही तो आला नाही, कारण त्याच्या घरी वर्गणीची सोय नव्हती.

पिसदुरा हे गाव भूशास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचनातून कळले. तेथे डायनोसॉरांची हाडे सापडली आहेत, आणि दगड झालेली विष्ठाही सापडते. या विष्ठेवर मॅटले नावाच्या संशोधकाने 1939 साली निबंध प्रसिद्ध केला होता. पुढे भारतीय व परदेशी शास्त्रज्ञांनी तिचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण केले. गवताच्या पात्यात वाळूसारखे अतिसूक्ष्म कण असतात. ते या विष्ठेत मिळाले. डायनोसॉरांच्या काळी पृथ्वीवर गवत नव्हते, असा तोवर सर्वसाधारण समज होता. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या या शोधाने तो बदलला. त्यातील काही कण तर भाताच्या कुळाशी नाते सांगणारे निघाले. ज्या मुलुखात आपण धानाची बांधी राखतो, त्याच मुलुखाच्या मातीत धानाच्या पूर्वजांचा साडेसहा कोटी वर्षांहून जुना पुरावा निघावा, याहून अधिक प्रेक्षणीय ते काय असणार?

त्या मुलाच्या ओच्यात तेच दगड होते काय, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. मी ते पाहिलेच नाहीत. दगड न ओळखण्यात दोष नव्हता, न पाहण्यात होता.

पिसदुरा हे एकच उदाहरण नव्हे. सिरोंचा तालुक्यात वडधमला वृक्षांचे दगड झालेले ओंडके आहेत. त्याच भागातील कोटा या लहानशा गावाचे नाव तेथील खडकांच्या थराला दिलेले असून जगभरचे भूशास्त्रज्ञ ते वापरतात. आपल्यापैकी किती शिक्षकांनी हे भूगोलाच्या तासाला सांगितले असेल? आलापल्लीजवळ जुन्या वनाचा एक तुकडा 1953 पासून तोडीविना राखला आहे. 2014 साली त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. वन न तोडता राखले म्हणजे कसे वाढते, हे तेथील उंच साग पाहून समजते.

मार्कंडा तर आपण महाशिवरात्रीच्या जत्रेत पाहिलेलेच असते. परंतु गर्दीत देऊळ दिसते, शिल्प दिसत नाही. कनिंगहॅमसारख्या पुरातत्त्वज्ञाने एकोणिसाव्या शतकात या मंदिरसमूहाची सविस्तर नोंद केली. दक्षिणेकडे जाणारी वैनगंगा येथे वळण घेऊन उत्तरेकडे वाहते. म्हणजे इतिहास, शिल्प आणि भूगोल असे तीन पाठ एकाच काठावर मिळतात. आपण मात्र या स्थळाला ‘विदर्भाचे खजुराहो’ म्हणतो. आपल्या वस्तूचे मोल सांगण्यासाठी दुसऱ्याचे नाव उसने आणावे लागते, यातच आपली उदासीनता दिसते.

यावर उपाय खर्चाचा नाही. मी चार गोष्टी सुचवितो.

पहिली, प्रत्येक शाळेने एक परिसरवही ठेवावी. मुलाने सांगितलेली प्रत्येक वस्तू, मग ती जुनी बारव असो, वीरगळ असो की वेगळा दिसणारा दगड, त्याच्या नावासह तीत लिहावी.

दुसरी, गावातील वृद्धांना शाळेत बोलवावे. डोंगर, नाले व देवराया यांची गोंडी आणि माडिया नावे त्यांच्याकडून उतरून घ्यावीत. नाव विसरले की त्यामागची कथाही जाते.

तिसरी, सापडलेली वस्तू जागची हलवू नये. ठिकाण लिहून, चित्र काढून तहसील कार्यालयास किंवा जवळच्या महाविद्यालयास कळवावे. जीवाश्म जागेवरून उचलला की त्याची निम्मी माहिती नाहीशी होते. नांगराखाली आणि हौशी लोकांच्या पिशव्यांतून असे पुष्कळ गेले आहे.

चौथी, वर्षातून एक सहल पायी जाता येईल एवढ्या अंतरावर काढावी. तिला वर्गणी लागत नाही, म्हणून एकही मूल मागे राहत नाही. मात्र आपला मुलूख वाघांचा आहे. वनरक्षकास विचारल्याविना मुलांना रानात नेऊ नये, आणि पावसाळ्यात नदीपात्रात उतरवू नये.

वेरूळ पाहू नये, असे मी म्हणत नाही. अवश्य पाहावे. परंतु शिवार पाहावयास शिकलेला विद्यार्थीच वेरूळ नीट पाहू शकतो.

बंधुभगिनींनो, आपल्या भागातील दुर्लक्षित स्थळे पुष्कळदा गुराख्याला, मोह वेचणाऱ्या मुलीला, मासे धरणाऱ्या पोराला प्रथम दिसतात. ती मुले आपल्याच वर्गात बसलेली आहेत. उद्या त्यांच्यापैकी कोणी ओचा भरून समोर उभे राहिले, तर हातातील काम बाजूस ठेवा आणि एवढेच विचारा, ‘‘कुठे सापडले? चल, मला दाखव.’’