चार कृती आणि एक तवा

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला संगणक क्षेत्रातल्या नव्या घडामोडींवर बोलायला सांगितलं होतं. मी म्हटलं, ते मी रोज ऑफिसात बोलते. इथे मी घावनांवर बोलते. ते हसले, पण हो म्हणाले. खरं तर या भाषणात तुमच्यापैकी चौघांचा वाटा आहे.

गेल्या पावसाळ्यात बाबा गेले आणि आईला मी कुडाळहून पुण्याला आणलं. आईचं वय ७६. हळूहळू तिचं जेवण कमी होत गेलं. दोन घास भात खाल्ला की ‘पुरे’. सगळ्या तपासण्या झाल्या, दोष काही निघाला नाही. पण ३ महिन्यांत वजन ५ किलोंनी उतरलं. एकदा विचारलं, “आई, काय खावंसं वाटतं?” ती म्हणाली, “घावने कर कधीतरी.”

आता पंचाईत अशी, की मला घावनं येत नव्हती. शाळेत असताना ‘अभ्यास आहे’ म्हणून स्वयंपाकघरातून सुटका, मग इंजिनिअरिंग, मग नोकरी. आईलाच विचारायचं, तर वाटलं, तिला कशाला त्रास? म्हणून आपल्या बॅचच्या ग्रुपवर विचारलं. रात्री अकरापर्यंत चार कृती आल्या आणि चौघांची भांडणंही झाली.

कुडाळची मैत्रीण म्हणाली, जुने तांदूळ रात्रभर भिजवून गंधासारखे बारीक वाट आणि ताकाइतकं पातळ कर. मुंबईचा मित्र म्हणाला, वेळ कोणाला आहे? वाटीभर तांदळाच्या पिठाला अडीच वाट्या पाणी घाल, २० मिनिटं मुरू दे. पणजीची म्हणाली, वाटताना ओलं खोबरं घातल्याशिवाय चव नाही. दुबईची म्हणाली, मूठभर भिजवलेले पोहे घाल, थंड झाली तरी मऊ राहतात. पाचव्याने उडदाची डाळ सुचवली, त्याला सगळ्यांनी मिळून गप्प केलं : ती आंबोळी झाली!

आठवीत विज्ञानाच्या बाईंनी शिकवलं होतं, प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी तेच केलं. तोच बिडाचा तवा, तीच शेगडी, तेच तेल. चार रविवार, चार कृती. जाळी, मऊपणा, कडा सुटणं आणि थंड झाल्यावरची चव, यांना लेकीने १० पैकी गुण द्यायचे.

निकाल बघून मी चक्रावले. एकाच भांड्यातल्या पिठाच्या पहिल्या घावनाला ८ गुण, मधली फाटलेली आणि शेवटचं ४ गुणांचं, जाड आणि चिवट. कृतींची तुलना करायची कशी? आणि ज्या परीक्षकासाठी हा खटाटोप, ती खोलीत नेऊन दिलेल्या ताटातलं अर्धं घावन तसंच ठेवत होती.

पाचव्या रविवारी मी कुडाळची कृती पुन्हा केली. तिसरं घावन तव्याला चिकटलं, करपल्याचा वास सुटला. काठी टेकत आई ओट्यापाशी आली. भांड्यात एक नजर टाकून म्हणाली, “अगो, पीठ ढवळ आधी. तांदूळ तळाक बसता.”

मी ढवळत नव्हते, कारण लेकीसाठी मी पॅनकेक करते. तिथे नियम उलटा. मैद्याचं पीठ फार ढवळलं की त्यातलं ग्लुटेन घट्ट होतं आणि पॅनकेक चिवट होतो, म्हणून गुठळ्या राहिल्या तरी चालतात. तांदळात ग्लुटेन नसतंच. तिथे पाणी वर राहतं आणि पीठ खाली बसतं. एका प्रोग्राममधला तुकडा न तपासता दुसऱ्यात चिकटवायचा नाही, हे मी ऑफिसात नव्या मुलांना सांगते. घरी तेच केलं होतं.

आईने स्टूल ओढून घेतलं. पीठ डावाने पसरायचं नाही, कडेकडून आत ओतत यायचं. तवा चांगला तापलेला हवा, तरच जाळी पडते. झाकण मिनिटभर. सूचना देता देता तिने तिथेच, ओट्याला टेकून, ३ घावनं खाल्ली.

मी तिला स्वयंपाकघरापासून लांब ठेवलं होतं, ते काळजीपोटी. पण पन्नास वर्षं जिने घर चालवलं, तिला मी खोलीत बसवून ताट नेऊन देत होते. माझ्या तक्त्यात तांदूळ होता, पाणी होतं, तवा होता. तिला काही विचारायचं, हे कुठल्याच रकान्यात नव्हतं.

चारही कृती मग ढवळून पुन्हा केल्या. निकाल जाहीर करते. चवीला आणि जाळीला कुडाळ पहिली. डब्यासाठी दुबई. घाईत मुंबई. पणजीच्या घावनाला चटणीसुद्धा लागत नाही. आईचं वजन २ किलो वाढलं आहे आणि रविवारचा तवा आता तिच्या ताब्यात आहे. मी फक्त पीठ ढवळते.

बाई, तुम्ही प्रयोगवहीत ‘चुकीची संभाव्य कारणे’ लिहायला लावायचात. मी तो रकाना बहुतेक वेळा रिकामा सोडायचे. या वेळी भरला आहे.

आपल्यापैकी पुष्कळ जणांचे आईवडील आता आपल्याकडे राहायला आले आहेत. त्यांना आराम जरूर द्या, पण त्यांचं काम सगळंच काढून घेऊ नका.

आई माझ्याबरोबर कुडाळला आली आहे. घर उघडलंय. कृती देणाऱ्या चौघांना, आणि उडीदडाळवाल्यालासुद्धा, तिने उद्या सकाळी बोलावलं आहे. तांदूळ रात्री भिजत घालणार आहे.