फोटो कोणाचा, सांगणं कोणाचं?

बचत गटाच्या या कार्यक्रमात एरवी आपण कर्ज, हप्ता, शेळी, परसबाग याबद्दल बोलतो. आज एका पुस्तकाबद्दल बोलू या. पुस्तक इंग्रजीत आहे, चारशेहून जास्त पानांचं आहे, आणि गावच्या वाचनालयात ते मिळायचं नाही. तरी ते चित्रांनी भरलेलं आहे, आणि त्यातला प्रश्न आपल्या पापडाच्या पाकिटापर्यंत येऊन पोचतो.

पुस्तकाचं नाव ‘टिबोर काल्मन : परव्हर्स ऑप्टिमिस्ट’. आपण म्हणू, उलट्या डोक्याचा आशावादी. पीटर हॉल आणि मायकल बेरूट यांनी ते संपादित केलं आणि १९९८ साली ते निघालं. काल्मन यांनी आयुष्यभर केलेलं काम त्यात एकत्र मांडलं आहे. पुढच्याच वर्षी, १९९९ च्या मे महिन्यात, कॅन्सरने ते गेले. तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती.

काल्मन डिझायनर होते. मासिकात कोणता फोटो घ्यायचा, केवढा छापायचा, अक्षरं कुठे ठेवायची, हे ठरवणारा माणूस म्हणजे डिझायनर. त्यांचा जन्म १९४९ चा, हंगेरीतल्या बुडापेस्ट शहरातला. १९५६ साली तिथे उठाव झाला, तो चिरडला गेला, आणि त्यांचं कुटुंब देश सोडून अमेरिकेत आलं. मोठेपणी त्यांनी न्यूयॉर्कमध्ये स्वतःचं ऑफिस काढलं. त्याचं नाव ‘एम अँड कंपनी’. त्यातला ‘एम’ म्हणजे त्यांची पत्नी मायरा.

एका नाताळात या ऑफिसने आपल्या बड्या गिऱ्हाइकांना भेट म्हणून साधा पुठ्ठ्याचा डबा पाठवला. आत होतं बेघर लोकांच्या निवाऱ्यात मिळतं तसलं जेवण. सोबत निरोप, की बेघरांसाठी तुम्ही जेवढे पैसे द्याल तेवढेच आम्ही वर घालू. मिठाईची वाट बघणाऱ्याच्या हातात असा डबा पडला, की तो क्षणभर थांबणारच. काल्मन यांची रीत अशी होती. आधी माणसाला थांबवायचं, मग विचारायचं.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे ‘कलर्स’ हे मासिक. १९९१ साली ते सुरू झालं. खर्च करत होती बेनेटन ही इटलीतली कपड्यांची कंपनी. १९९३ साली त्यांनी वंश आणि कातडीचा रंग या विषयावर एक अंक काढला. त्यात ‘असं असतं तर?’ असं विचारून कॉम्प्युटरवर बदललेले फोटो छापले. इंग्लंडची राणी काळी दाखवली. काळा सिनेदिग्दर्शक स्पाइक ली गोरा दाखवला. पुष्कळ लोक चिडले. पण बघा, राणीचं राणीपण कुठे गेलं होतं? बदलला होता फक्त रंग. आपल्याकडे मुलगी बघायला पाहुणे आले, की तिच्या शिक्षणाआधी तिचा रंग विचारतात. गोरं करणाऱ्या क्रीमचं पाकीट दुकानात लटकत असतं. त्या क्रीमच्या जाहिरातीला असाच उलटा प्रश्न कुणी विचारला, तर?

१९९५ साली ‘कलर्स’चा तेरावा अंक निघाला. त्यात पानामागून पान फोटो, आणि त्यांच्याजवळ एक शब्द नाही. अक्षरओळख नसलेली बाईसुद्धा तो अंक बघू शकेल, त्यावर बोलू शकेल. आमच्या गटांत अंगठा उठवणाऱ्या आज्या आहेत. त्यांना वाचता येत नाही हे खरं, पण चित्रातलं खोटं त्या सगळ्यांत आधी ओळखतात.

आता दुसरी बाजू. बेनेटन कंपनीसाठी जाहिराती करायचे ओलिविएरो तोस्कानी. ‘कलर्स’ त्यांनी आणि काल्मन यांनी मिळून उभं केलं. १९९२ साली कंपनीच्या एका जाहिरातीत एड्सने मरणाऱ्या तरुणाचा फोटो होता. वडिलांनी त्याला कवटाळलं आहे, आणि कोपऱ्यात कपड्यांच्या कंपनीचं नाव. कुणी म्हणालं, या आजारावर अखेर लोक बोलू लागले. कुणी म्हणालं, मरणाऱ्या पोराच्या जिवावर स्वेटर विकता काय? त्याच्या घरच्यांनी मात्र संमती दिली होती. आपल्या मुलाचं दुःख जगाने बघावं, असं त्यांना वाटलं होतं.

आम्हाला त्या वादात हा शब्द मोलाचा वाटतो, संमती. कारण फोटो आपलेही निघतात. पाहुणे येतात, “ताई, पदर डोक्यावर घ्या, जरा हसा,” म्हणतात आणि जातात. आमच्या एका ताईचा फोटो असाच एका पत्रकात छापून आला. ताई गटाच्या सचिव आहेत. दोन म्हशी सांभाळतात, त्यांचा हप्ता कधी थकलेला नाही. फोटोखाली लिहिलं होतं, ‘असहाय ग्रामीण महिला’. त्यांच्या मुलाने शाळेतून आल्यावर विचारलं, “आई, असहाय म्हणजे काय गं?” फोटो ताईंचाच होता, पण सांगणं दुसऱ्याचं होतं.

म्हणून आमच्या ग्रामसंघाने ठरवलंय, फोटो काढू द्यायच्या आधी तीन गोष्टी विचारायच्या. कुठे छापणार? खाली काय लिहिणार? छापल्यावर आम्हाला दाखवणार का? उत्तर पटलं तर खुशाल उभं राहायचं. नाही पटलं तर “नको” म्हणायचं. नको म्हटल्याने कुणाचं कर्ज अडत नाही.

आणि जे दुसऱ्यांना विचारायचं, ते स्वतःलाही विचारायचं. आपल्या पापडाच्या पाकिटावर कुठली बाई छापायची? नथ घातलेली, गोरीपान, जिने कधी उन्हात पापड वाळत घातले नाहीत ती? की पीठ कुटून जिचे खांदे भरून येतात ती? काही जणी म्हणतात, गोरी बाई असली की माल खपतो. काही म्हणतात, एकदा आपला चेहरा लावून तर बघू. निर्णय अजून व्हायचा आहे.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातलं एक पाकीट, साबणाचं वेष्टन किंवा कॅलेंडरचं पान आणा. अक्षरांवर हात ठेवा आणि नुसतं चित्र बघा. हे कोणी काढलं, कोणाला दाखवायला, पैसे कोणाला मिळाले, असं एकमेकींना विचारा. आज्यांना आधी बोलू द्या.

काय निघालं ते आम्हाला जरूर कळवा. तुमची उत्तरं याच कार्यक्रमात सगळ्यांना ऐकवू.